पार्वतीबाईंची साखर आणि माझी जीभ

ये गं बाई, इकडं जवळ ये. अंक हातात धरून तिकडं दाराशी काय टेकून उभी आहेस? आणि तो शंकरपाळ्यांचा डबा आधी खाली ठेव. एका हातानं पानं उलटायची अन् दुसरा हात डब्यात, ही खोड माझ्या लेकीलाही आहे, म्हणून मला न बघता कळतं. सणाचं खा, कोण नको म्हणतंय? पण ताटलीत घेऊन खा. डब्यातून खाल्लेलं किती झालं ते कुणालाच सांगता येत नाही, अन् मग दवाखान्यात येऊन म्हणायचं, "आक्का, मी तर काहीच खात न्हाई." हे वाक्य मी अठ्ठावीस वर्षं ऐकलंय. बस आता. सांगते.

लातुरात शुगरच्या एका डॉक्टरांकडे मी अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. माझं माहेर नायगाव तालुक्यातलं, शाळा सातवीपर्यंत, आणि दवाखान्यात गेले होते ते झाडू-फरशीला. एकदा तिथली सिस्टर बाळंतपणाला गेली. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला पेशंटचं बोट टोचायला जमेल का?" मी म्हटलं, "साहेब, कापूस वेचून वेचून माझीच बोटं लहानपणापासून टोचून निघाल्यात. दुसऱ्याचं टोचायला काय लागतं?" सिस्टर परत आली, पण सुई माझ्याच हातात राहिली. पुढं इंजेक्शन कसं घ्यायचं ते शिकवणं, पेशंटचे पाय तपासणं, जेवणाखाण्याची विचारपूस, असं एकेक वाढत गेलं. कुणी वर्ग घेतला नाही माझा. बघून बघून शिकले, आणि लेकीचं विज्ञानाचं पुस्तक तिच्याआधी वाचून काढलं.

ह्या अंकाच्या ताई म्हणाल्या, "आक्का, दवाखान्यातल्या गमतीजमती लिहा." गमती लिहितेच की. पण मी लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणानं. माझ्या एका वाक्यानं एका सुनेचं नाव नाहक बदनाम झालं. ते अजून धुवायचं राहिलंय. तिच्या सासूला फोन करून विचारलं, तुमची नावं घालू का? सासू म्हणाली, "घाल की. माझ्या किडक्या दातासकट घाल." म्हणून नावानिशी लिहून राहिले.

आधी आमचं काम काय ते समजून घे. बोट टोचायचं ते मधोमध टोचायचं नसतं, कडेला टोचायचं. मधोमध जास्त दुखतं, आणि बाईमाणसाला दुसऱ्या दिवशी त्याच बोटांनी भाकरी थापायची असते. टोचायच्या आधी हात धुवायला लावायचे. हा नियम आमच्याकडे एका काकांमुळं पक्का झाला. निलंग्याकडचे होते, डोक्याला पटका, हातात पिशवी. बोट टोचलं, थेंब लावला, तर मशीन आकडाच दाखवीना. एवढी साखर, की मोजायच्या पलीकडं. माझा जीव घाबरा झाला. मी ओरडले, "साहेब, लवकर या!" डॉक्टर धावत आले. अन् काका आपले म्हणतायत, "बाई, जरा लवकर आवरा की, माझी बस हाय." माणूस ठणठणीत! डॉक्टरांनी काकांचा हात नाकाजवळ नेला अन् विचारलं, "काका, कुठून आलात?"

"गुऱ्हाळावरून. काहिलीवर होतो पहाटपासून."

साबण लावून हात धुतले, दुसरं बोट टोचलं, तर साखर तुझ्यामाझ्यापेक्षा थोडी जास्त. बोटाला लागलेला गूळच मोजला होता मी. काकांनी जाताना आठवणीनं पिशवीतून गुळाची ढेप काढून मला दिली. शुगरच्या दवाखान्यात!

दुसरे आमचे अडत बाजारातले आप्पा. कपाळाला ठसठशीत विभूती, स्वच्छ धोतर, बोलणं गोड. दर खेपेला उपाशीपोटीची साखर अशी नेमकी यायची की डॉक्टरही खूश. मग एकदा मी त्यांना दवाखान्यासमोरच्या मिठाईच्या दुकानात बघितलं. रिपोर्ट खिशात अन् बालुशाही हातात. चौकशी केली तेव्हा कळलं, आप्पा तपासणीच्या आधी चार दिवस कारल्याचा रस आणि मेथ्यांचं पाणी, एवढ्यावर राहायचे. परीक्षेला बसल्यासारखं. डॉक्टरांनी मग त्यांची तीन महिन्यांची तपासणी केली. रक्तातल्या तांबड्या पेशींना साखर चिकटून बसते, आणि ती पेशी तीन-चार महिने जगते, म्हणून तेवढ्या दिवसांचा सगळा हिशोब तिच्या अंगावर असतो. चार दिवसांच्या कारल्यानं तो पुसला जात नाही. मी हे आप्पांना समजावून सांगितलं, तर ते केवढे संतापले!

"म्हणजे माझंच रगत माझी चहाडी करतं?"

"करतं, आप्पा."

"मग चार वर्षं कारल्याचा रस मी नाहक प्यालो?"

"नाहकच प्यालात."

आप्पांनी रिपोर्टाची घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, "आक्का, बालुशाहीचं काय ते नंतर बघू. पण कारल्याचं मला लई वाईट वाटलं."

अशी माणसं पकडता पकडता मला एक माज आला. हो, माजच म्हणते. मला वाटायला लागलं, चढलेल्या प्रत्येक आकड्यामागं कुठंतरी एक घास लपलेला असतो. साखर वाढली म्हणजे एकतर पेशंटनं चोरून खाल्लं, नाहीतर घरात कुणीतरी चारलं. तिसरं काही नाहीच. खरं तर तिसरं असतं, आणि ते मला डॉक्टरांनी स्वतः शिकवलं होतं. मी ते दुसऱ्यांना रोज सांगतही होते. तरी चुकले.

ते तिसरं काय, ते आता जरा सबुरीनं ऐक. आपलं अंग म्हणजे बारीक बारीक पेशी. जेवलं की अन्नातली साखर रक्तात येते, आणि रक्तातून ती पेशींच्या आत गेली पाहिजे, तरच अंगात बळ. ती आत न्यायला इन्सुलिन लागतं. पण इन्सुलिन काही साखरेचं पोतं पाठीवर घेऊन आत जात नाही. ते फक्त निरोप देतं. पेशीच्या दाराशी येऊन सांगतं, माल आलाय, फाटक उघडा. दारावरचा तो निरोप आतल्याला देतो, तो त्याच्या पुढच्याला, असं हातोहात आत जातं, आणि शेवटी आतून फाटक उघडणारे दाराशी येतात. मग साखर आत.

आता माझं लातूरचं घर दालमिलच्या मागं होतं. आमचे हे तिथंच कामाला. मी दुपारचा डबा घेऊन जायची. फाटकातून कितीही हाका मारल्या तरी आतल्या माणसाला ऐकू जायचं नाही. चाळण्या, पट्टे, मोटारी, सगळ्यांचा एकच गलका. रस्त्यावर तुरीच्या गाड्यांची ही रांग लागलेली, मुनीम घसा फोडून ओरडतोय, आणि आत कुणाला पत्ताच नाही. डॉक्टरांनी मला जेव्हा कागदावर पेशी काढून दाखवली, तेव्हा मी म्हटलं, साहेब, ही तर आमची दालमिल!

तर पेशीतला हा गलका म्हणजे सूज. पायाला काटा लागल्यावर जी लाल होते, ठणकते, ती नव्हे. ही आतली, मंद, न दिसणारी. पोटावर चरबी साठत गेली की चरबीच्या पेशी फुगतात, बेजार होतात. शरीराच्या राखणदार पेशींना वाटतं, इथं काहीतरी बिघाड आहे. त्या तिथं गोळा होतात आणि रक्तात रसायनं सोडायला लागतात. ती रसायनं दुसऱ्या पेशींपर्यंत जातात आणि इन्सुलिनचा तो हातोहात जाणारा निरोप मधेच दाबतात. निरोप्या दाराशी उभा, पण आत ऐकू येईना. मग शरीर आणखी इन्सुलिन करतं, म्हणजे मुनीम आणखी मोठ्यानं ओरडतो. कितीतरी वर्षं असं चालतं, आणि एक दिवस त्याचा घसाच बसतो. मोठ्या वयात होणारी शुगर बहुतेक अशी होते. खाण्याचा संबंध आहेच, पण नुसता घासच मोजत बसलं तर अर्धंच कळतं. चालणं, झोप, वजन, आणि अंगात कुठं दबलेली सूज आहे का, हेही बघावं लागतं. जखम असो, फोड असो, कुठंही जंतू मुरलेले असोत, हा गलका वाढतो आणि साखर चढते. डॉक्टर म्हणायचे, "आक्का, साखर अचानक चढली तर आधी अंगात शोधा, मग घरात शोधा." मी आधी घरात शोधलं.

पार्वतीबाई रेणापूर तालुक्यातल्या. साठी ओलांडलेली, स्वतःची जमीन, गळ्यात इष्टलिंग, बोलायला अगदी मोकळ्या. त्यांच्याबरोबर दर महिन्याला त्यांची सून महानंदा यायची. ही पोरगी निलंग्याकडची, तिशीतली, कमी बोलणारी. सासूच्या गोळ्या एका डब्यात वारांप्रमाणे लावून आणायची. तीन वर्षं पार्वतीबाईंची साखर जागची हलली नव्हती. दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू आला होता, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, साखर अशीच राहू द्या, उन्हाळ्याच्या आत ऑपरेशन करू. पार्वतीबाई म्हणायच्या, "लवकर करा माय. सुनेचं तोंड मला नुसतं धुकटात दिसून राहिलंय."

मग आली येळवस. लातूरच्या बाहेरच्यांसाठी सांगते, मार्गशीर्ष सरता सरता जी अमावस्या येते, त्या दिवशी आमच्याकडे गावं रिकामी होतात. सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, पूजा करायची आणि तिथंच बसून आंबील, उंडे, भज्जी, गव्हाची खीर जेवायची. दोस्त, पाहुणे, ओळखीपाळखीचे, सगळ्यांना पंगतीला बोलावायचं. त्या आठवड्यात आमच्या दवाखान्यात सगळ्यांचेच आकडे वर असतात, आम्ही कुणाला फार बोलत नाही. पार्वतीबाईंचा आकडाही वर आला. मी हसून विचारलं, "खीर किती खाल्ली?" त्या म्हणाल्या, "चमचाभर. निवदाची." मी म्हटलं, ठीक आहे.

पुढच्या महिन्यात आकडा आणखी वर. खिरीचा असर काही महिनाभर राहत नाही. डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि ऑपरेशन पुढं ढकललं. पार्वतीबाईंचा चेहरा पडला. मला त्यांची कणव आली, आणि कणव आली की माझ्या जिभेला लगाम राहत नाही. बाहेर बाकड्यांवर पंचवीस-तीस माणसं बसलेली. त्यात त्यांच्याच गावच्या दोघी बाया. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "महानंदा, तीन वर्षं नीट चाललं होतं. ही बाई चोरून खाणारी न्हाई, मी ओळखते हिला. मग चारतंय कोण? घरात सैपाक कोण करतं?"

ती चपापली. म्हणाली, "आक्का, मी कशाला चारीन?"

आणि मी म्हणाले, "कशाला ते तुझं तुला ठाऊक."

असं बोललेलं परत घेता येत नाही गं. सगळं बाकडं तिच्याकडं बघायला लागलं. पार्वतीबाई म्हणाल्या, "असं बोलू नगा आक्का, चांगली हाय ती." पण त्यांचं कोण ऐकतंय? महानंदा मान खाली घालून म्हणाली, "आक्का, एक सांगू का? आत्या आजकाल एकाच बाजूनं जेवून राहिल्यात. भाकर दुधात कुस्करून—" ती सासूला आत्या म्हणते. मी तिला मधेच तोडलं. "आता इषय बदलू नगंस."

तिनं विषय बदललाच नव्हता. तो ती पहिल्यांदा बरोबर जागी आणत होती.

माझं बोलणं त्यांच्या आधीच्या एसटीनं गावात पोचलं. दवाखान्यातली बाई बोलली म्हणजे डॉक्टरच बोलले. आणि मी जे म्हटलं नव्हतं तेही लोकांनी त्याला जोडलं. जमीन सासूच्या नावावर, सासूचे डोळे उघडले की सगळं तिला दिसणार, म्हणून सून मुद्दाम साखर वाढवतेय, इथपर्यंत गोष्ट गेली. पार्वतीबाईंची लेक शोभा उदगीरहून आली, तिनं चूल ताब्यात घेतली. रोज कुणी ना कुणी टोमणा मारायचं. नवरा गप्प. महिना संपायच्या आत महानंदा माहेरी निघून गेली.

हे मला पुढच्या खेपेला शोभानं सांगितलं, आणि अगदी फुशारकीनं सांगितलं. "आक्का, तुम्ही बोललात म्हणून कळलं. आता बघा साखर! घरात गोडाचा कण ठिवला न्हाई म्या. अर्धी भाकर अन् पालकाची भाजी."

मी बोट टोचलं. आकडा मागच्यापेक्षाही वर.

शोभा म्हणाली, "मशीन खराब हाय तुमची." मी हात पुन्हा धुवायला लावले, पुन्हा टोचलं. तेच. पार्वतीबाई वाळल्या होत्या, डोळे खोल गेलेले. मी त्यांचे पाय तपासले, टाचा, बोटांच्या बेचक्या, नखं. कुठं फोड नाही, भेग नाही. मला काही सुचेना. पाणी दिलं, तर त्यांनी तोंड वाकडं करून घोट उजवीकडून घेतला. तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. एकाच बाजूनं.

"बाई, आ करा बघू."

हिरड्या सुजून काळ्यानिळ्या झालेल्या. डाव्या दाढेच्या मुळाशी पू. दोन दात बोटानं हलत होते. मी मागं सरले. एवढी मोठी गोष्ट, आणि तीन महिने मी त्यांच्याशी तोंडासमोर तोंड धरून बोलत होते! वास कसा नाही आला?

वास आला नाही, कारण त्यावर मिसरीचा वास होता, आणि मिसरीचा वास मला वास वाटतच नव्हता. तंबाखू तव्यावर काळीठिक्कर भाजायची, चुरायची, आणि बोटानं हिरड्यांना चोळायची. आमच्याकडच्या बायांचा दिवस तिच्यावर उगवतो. माझ्या स्वतःच्या कमरेच्या पिशवीत तसलीच डबी होती. पुण्यामुंबईची सिस्टर असती तर तिनं पहिल्याच दिवशी नाक मुरडून विचारलं असतं, हे काय लावता? मी विचारलं नाही. आपलीच सवय कोण तपासतं?

"बाई, दुखत न्हाई का हे?"

"दुखतं की. मिसरी लावली का सुन्न पडतं. आधी दिसातून दोनदा लावत होते, आता सा-सात येळा लागतीय."

"मग आम्हाला का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही साखरेचं इचारता माय. दाताचं कुणी इचारलं?"

मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बॅटरी लावून बघितलं. हिरड्यांत मुरलेल्या जंतूंनी तोच गलका मांडला होता. रोज थोडी थोडी रसायनं रक्तात, आणि इन्सुलिनचा निरोप वाटेतच दबलेला. गोळी वाढवा नाहीतर भाकर अर्धी करा, उपयोग काय? डॉक्टरांनी विचारलं, "हे कधीपासून आहे?"

मी म्हटलं, "सुनेनं मागच्या महिन्यात सांगितलं होतं, एका बाजूनं जेवतात म्हणून."

"कुणाला सांगितलं?"

"मला."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दातांच्या डॉक्टरांनी पू काढला, चार दात काढले, हिरड्या साफ केल्या, औषधं दिली. मिसरी बंद. आठवड्या-आठवड्यानं आकडा उतरत गेला. मी हुरळून सगळ्यांना सांगायला लागले की दातानं साखर बरी झाली, तर डॉक्टरांनी मला थांबवलं. "आक्का, सगळं श्रेय दातांना देऊ नका. गोळी आपण वाढवलीच होती, आणि शुगर काही गेली नाही, काबूत आली. उद्या कुणी दात काढून गोळ्या बंद करेल." ते इथंही लिहून ठेवते. मनानं गोळ्या बंद करायच्या नाहीत. चैत्रात पार्वतीबाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. नीट झालं.

तेव्हापासून मी कामाची रीत बदलली. पाय बघून झाले की तोंड उघडायला लावायचं, प्रत्येकाला. बायांना पहिला प्रश्न, मिसरी लावता का, किती येळा? वहीत त्याला वेगळा रकाना आखला. मी सोडून आले तरी तिथली नवी पोरगी तो रकाना भरते, ह्याचं मला बरं वाटतं. मिसरी मीही सोडली. दोनदा सोडली. दुसऱ्यांदा टिकली.

पण महानंदाचं काय?

ऑपरेशनच्या आधीच एका रविवारी मी निलंग्याची एसटी धरली. तिथून तिचं गाव जवळच. दारात तिची आई होती. "बर्री, बर्री," म्हणून तिनं आत बोलावलं. सीमेवरची माणसं, दोन वाक्यं मराठी बोलली की एक कानडी. ती म्हणत होती, या, या. महानंदा आत चुलीपुढं भाकरी करत होती. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. सगळं सांगितलं. दातांचं, पुवाचं, माझ्या नाकाचं. म्हटलं, "पोरी, तू बरोबर होतीस. मी चुकले. मला माफ कर."

तिच्या हातातली भाकर थांबली नाही. थापून झाली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मग ती म्हणाली, "आक्का, तुम्ही बोललात ते चारचौघांत. अन् माफी सैपाकघरात मागून राहिलात."

रागानं नाही म्हणाली. अगदी शांतपणानं म्हणाली, म्हणून जास्त लागलं. तिनं भाकर वाढली, वर पिठलं घातलं. मी मान खाली घालून जेवले आणि परत आले.

पुढं पार्वतीबाई स्वतः काळा चष्मा लावून एसटीनं निलंग्याला गेल्या आणि सुनेला घेऊन आल्या. वाटेत म्हणे एकसारख्या तिच्या तोंडाकडं बघत होत्या. शेवटी महानंदा म्हणाली, "आत्या, लोक बघून राहिल्यात." त्या म्हणाल्या, "बघू दे. मलाबी बघू दे." हे मला फोनवर पार्वतीबाईंनीच सांगितलं. घर सावरलं. चूल महानंदाच्या हाती परत आली, शोभा उदगीरला गेली. पण महानंदा दवाखान्यात पुन्हा आली नाही. सासूबरोबर तिचा नवरा यायला लागला. आणि गावात दोघी-तिघी अजून म्हणतात, दवाखान्यातली बाई उगाच बोलली असंल का?

मी तेव्हाच बाकड्यांसमोर उभी राहून मोठ्यानं सांगायला हवं होतं. ठरवलं होतं. आज सांगू, उद्या सांगू, त्या गावच्या बाया आल्या की सांगू. खरं सांगते, धीर झाला नाही. अठ्ठावीस वर्षं लोक मला आक्का म्हणून मान देत होते, तो मान सोडवेना. मग गुडघ्यांनी दगा दिला, नोकरी सुटली, आणि लेक मला नांदेडला घेऊन आली. बाकडं राहिलं लातुरात.

म्हणून जेव्हा ताईंनी लिहायला सांगितलं, तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, तुमचा अंक रेणापूरकडं जातो का? त्या म्हणाल्या, तिकडच्या वाचनालयांत जातो. मग मी हो म्हटलं.

तर ऐका सगळे. बाकड्यावरच्यापेक्षा तुम्ही जास्तच आहात, बरंच झालं. महानंदानं सासूला गोड चारलं नाही. एक कणसुद्धा नाही. सासूच्या तोंडात काहीतरी बिघडलंय हे डॉक्टरांच्या आधी, माझ्या आधी तिनं ओळखलं, आणि मला सांगितलं. मी तिला गप्प केलं. त्यामुळं एका बाईच्या डोळ्यांचं ऑपरेशन आणखी लांबलं आणि दुसरीला घर सोडावं लागलं. कसूर तिची नव्हती, माझी होती. ज्यांनी माझं तेव्हाचं बोलणं गावभर नेलं, त्यांनी आता हेही तेवढ्याच लगबगीनं न्यावं, एवढी मेहरबानी करा.

आणि महानंदा, तू हे वाचशील का नाही मला ठाऊक नाही. पार्वतीबाई, तुमच्या नव्या डोळ्यानं तुम्हीच तिला वाचून दाखवा. म्हणावं, आक्का चारचौघांत बोलली. आता राग धर, सोड, तुझी मर्जी. पण एकदा नांदेडला ये. लातूरहून सकाळची गाडी धरलीस तर दुपारच्या जेवणाला पोचशील. स्टँडवर मी स्वतः उभी राहीन, गुडघ्याची फिकीर करू नको. त्या दिवशी तुझ्या हातचं मी जेवले, एकदा माझ्या हातचं तू जेव. फार दिवस लावू नको, पोरी. ये लवकर.